झुकावे किती, डुलावे का: यहुदी प्रार्थना आणि कोकण

प्रार्थना करणाऱ्याच्या हालचाली पाहून बघणाऱ्याने भलताच अर्थ काढल्याची एक फार जुनी गोष्ट खुद्द बायबलमध्येच आहे. शिलो इथल्या देवस्थानात हन्ना नावाची मूलबाळ नसलेली बाई देवाला साकडे घालत होती. ओठ हलत होते, आवाज मात्र फुटत नव्हता. दारापाशी बसलेल्या एली नावाच्या पुरोहिताला वाटले, बाई पिऊन आली आहे; त्याने तिला चांगलीच झापली. तिने खुलासा केला, त्याने मग आशीर्वाद दिला, आणि यथावकाश शमुवेल जन्माला आला. पुढे तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या पंडितांनी प्रार्थनेचे नियम ठरवले ते पुरोहिताकडे बघून नव्हे, या बाईकडे बघून. मुख्य प्रार्थना ओठ हलवून, पण स्वतःपुरत्याच आवाजात म्हणायची, हा दंडक हन्नाकडून आला.

यहुदी प्रार्थनेतल्या अंगविक्षेपांबद्दलचे बहुतेक गैरसमज याच जातीचे आहेत. बघणारा बाहेरचा असतो, कधी कधी आतलाही असतो, आणि त्याला आपल्या सवयीचे दिसले नाही की तो निकाल देऊन मोकळा होतो.

रत्नागिरीत बसून हा विषय काढायला कारण आहे. आमच्या जिल्ह्यात सिनेगॉग नाही, पण वेश्वीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने बागमांडल्याला उतरले की रायगड जिल्हा लागतो आणि तिथून बेने इस्राएलांचा, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचा, मुलूख सुरू होतो. दिवेआगरचे दिवेकर, रोह्याजवळच्या अष्टमीचे अष्टमकर, पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर. आडनावे आपलीच, घरात मराठी, जेवणात नारळ आणि मासे. पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. आता यातली बरीच घरे इस्राएलमध्ये आहेत. त्यामुळे आजच्या रत्नागिरीकराच्या डोळ्यांपुढे यहुदी प्रार्थना म्हणून जे चित्र येते ते अलिबागचे नसते, टीव्हीवरचे असते: यरुशलेमची पश्चिम भिंत, काळे कोट, काळ्या टोप्या, आणि भिंतीसमोर पुढेमागे जोरजोरात डुलणारी माणसे. ‘ज्यू लोक डुलून प्रार्थना करतात’ हे वाक्य त्या चित्रातून आले आहे. काहींना तर ती माणसे भिंतीवर डोके आपटताहेत असेही वाटते.

मग नियम काय सांगतो? बाराव्या शतकातले मैमोनिदीस, म्हणजे यहुदी जगातले रामबाम, यांनी आपल्या मोठ्या धर्मसंहितेत प्रार्थनेच्या वेळी सांभाळायच्या आठ गोष्टी दिल्या आहेत. उभे राहणे, यरुशलेमच्या मंदिराकडे तोंड करणे, अंग आवरून उभे राहणे, नीटनेटके कपडे, योग्य जागा, आवाज बेताचा ठेवणे, झुकणे आणि दंडवत. डुलणे या आठांत नाही. अंग कसे आवरायचे तेही त्यांनी सांगितले आहे: पाय जुळवून, नजर खाली, हात छातीवर, डाव्यावर उजवा. धन्यासमोर चाकर उभा राहतो तसे. जुळवलेल्या पायांचे कारण यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनात सापडते. त्याला दिसलेल्या दिव्य प्राण्यांचे पाय सरळ, जणू एकच पाय, असे होते. म्हणून ‘अमिदा’ ही मुख्य प्रार्थना चालू असताना पाय हलवायचा नाही. ‘अमिदा’ दिवसातून तीनदा म्हटली जाते, आणि ती म्हणणारा माणूस बाहेरून जवळजवळ खांबासारखा दिसतो.

त्यात झुकायचे ते फक्त चार ठिकाणी. पहिल्या आशीर्वचनाच्या सुरुवातीला आणि शेवटी, पुढे आभाराच्या आशीर्वचनाच्या सुरुवातीला आणि शेवटी. किती झुकायचे? पाठीचे मणके सुटे होईपर्यंत. कसे? इथे तालमूदमधल्या रब्बी शेशेथ यांची रीत फार चित्रमय आहे: झुकताना काठीसारखे एकदम, उठताना सापासारखे, आधी डोके मग बाकीचे अंग. देवाचे नाव येते त्या शब्दाला माणूस सरळ झालेला असला पाहिजे. गंमत म्हणजे प्रत्येक आशीर्वचनाला झुकण्याची मुभा सामान्य माणसाला नाही. मुख्य याजकाने प्रत्येक वेळी झुकावे आणि राजाने एकदा झुकल्यावर उठूच नये, असा क्रम तालमूदमध्ये आहे. आणि सामान्य माणूस जास्त झुकू लागला तर त्याला तसे न करण्यास शिकवावे, असे स्पष्ट म्हटले आहे. जितके वाकाल तितकी भक्ती मोठी, या हिशेबाला इथे चक्क बंदी आहे. मला स्वतःला हा नियम फार शहाणा वाटतो. देवळाच्या रांगेत आपल्या पुढचा भाविक लोटांगणाला जागा करून घेतो तेव्हा तो हमखास आठवतो.

पण नियम लिहिणाऱ्यांना माणूस ठाऊक होता. रब्बी अकिवांची हकीकत त्याच तालमूदमध्ये आहे. लोकांबरोबर असले की ते प्रार्थना आटोपती घेत, इतरांचा खोळंबा नको म्हणून. एकटे असले की मात्र एका कोपऱ्यात सोडून गेलेला माणूस परत येईपर्यंत ते दुसऱ्या कोपऱ्यात सापडत, इतके वाकणे आणि दंडवत चालायचे. चारचौघांत नियम, एकांतात मुभा. नंतरच्या सगळ्या वादाचे बीज या एका गोष्टीत आहे.

डुलण्याचे प्रकरण या नियमांच्या बाहेर, रिवाजाच्या प्रांतात वाढले. स्पेनचा कवी आणि तत्त्वज्ञ यहुदा हलेवी याने बाराव्या शतकात यहुदी का डुलतात याचे उत्तर देताना साधा व्यवहार पुढे केला: पुस्तके कमी, वाचणारे दहा, पुस्तक जमिनीवर ठेवलेले, एकेकाने वाकून ओळ बघायची आणि मागे सरायचे. तीच हालचाल अंगवळणी पडली. जोहार या गूढवादी ग्रंथाने म्हटले की यहुदी माणसाचा आत्मा दिव्याच्या ज्योतीसारखा आहे, म्हणून तो स्थिर राहत नाही. तिसरे कारण स्तोत्रसंहितेतले, जिथे कवी आपली सगळी हाडे देवाची स्तुती करतील असे म्हणतो; पोलंडच्या मोशे इस्सर्लेस यांनी सोळाव्या शतकात हा आधार नोंदवला आणि पूर्व युरोपात डुलण्याला बळ मिळाले. मला हलेवीचे उत्तर सर्वांत पटते, कारण ते पाठांतराच्या शाळेतले आहे. आपल्याकडे वेदपाठशाळेतली मुले स्वराबरोबर मान हलवतात, मदरशातली मुले पाठ करताना झुलतात; अंगाला ताल दिला की जिभेला ओळ सापडते.

आक्षेपही तितकेच जुने आहेत. इटलीतले मेनाहेम अझारिया दा फानो यांना अमिदामध्ये डुलणे नामंजूर होते. राजासमोर असे कोणी हलत उभे राहते का, हा या बाजूचा युक्तिवाद. शेवटी विसाव्या शतकाच्या तोंडाशी लिहिल्या गेलेल्या ‘मिश्ना बेरुरा’ या सर्वमान्य टीकेने निकाल दिला तो समजूतदार आहे: हलून ज्याचे मन लागते त्याने हलावे, स्थिर राहून लागते त्याने स्थिर राहावे. म्हणजे टीव्हीवरचे ते दृश्य खरे, पण ते एका प्रदेशाच्या सवयीचे. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातून आलेल्या यहुद्यांची ती रीत. स्पेन, बगदाद, येमेन, कोचीन यांच्या रीती वेगळ्या, आणि कोकणची त्यांच्या घरातली.

कोकणची कशी, ते समजायला ‘शेमा’कडे यायला हवे. देव एकच आहे अशी ग्वाही देणारे हे वचन सकाळ-संध्याकाळ म्हटले जाते. शतकानुशतके बाकीच्या यहुदी जगापासून तुटलेल्या बेने इस्राएलांकडे हिब्रूतले जे उरले ते हेच. सुंता असो, लग्न असो, मयत असो, शेमा. पहिले वाक्य म्हणताना उजव्या हाताने डोळे झाकायचे, ही रीत सर्वत्र आहे. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या यहुदा हनासी यांनी शिकवता शिकवता डोळ्यांवरून हात फिरवला, यावरून ती आली. डोळे झाकण्याचे कारण लाज नव्हे आणि शोकही नव्हे, फक्त लक्ष इकडेतिकडे जाऊ नये एवढेच. अंगावर तल्लित, म्हणजे प्रार्थनेची शाल, असेल तर चार कोपऱ्यांचे गोंडे डाव्या हातात धरून छातीशी घेतात, आणि तिसऱ्या परिच्छेदात गोंड्यांचा उल्लेख आला की त्यांना ओठ लावतात.

शेमा बसून म्हणायची की उभे राहून, यावर एके काळी दोन घराण्यांत भांडण झाले होते. शम्माईचे म्हणणे, रात्री आडवे होऊन आणि सकाळी उभे राहून. हिलेलचे म्हणणे, जो जसा असेल तसा. रब्बी तार्फोन एकदा वाटेत शम्माईच्या मताप्रमाणे आडवे होऊन शेमा म्हणायला गेले आणि दरोडेखोरांच्या तावडीत सापडता सापडता वाचले. सहकाऱ्यांनी सहानुभूती दाखवण्याऐवजी ‘हिलेलचे मत मोडले, भोगा’ अशा अर्थाचे सुनावले. तेव्हापासून हिलेलचेच चालते. म्हणूनच बसलेल्याने शेमासाठी उठून उभे राहावे हे आदराचे लक्षण, ही आज काही ठिकाणी दिसणारी समजूत जुन्या नियमाला धरून नाही. सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनच्या यहुद्यांच्या, वळणाच्या सिनेगॉगमध्ये लोक बसल्या जागी शेमा म्हणतात, ते आळसाने नव्हे.

बाकीची प्रार्थना, आणि तिच्याबरोबरच्या हालचाली, बेने इस्राएल शिकले. पहिला शिक्षक म्हणून परंपरा डेव्हिड रहाबीचे नाव घेते. त्याने बायकांना मासे रांधायला दिले, त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे वेगळे काढले, तेव्हा हे यहुदीच अशी त्याची खात्री पटली; मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतून काजी, म्हणजे धर्मविधी सांभाळणारे, नेमले. रहाबीच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कोचीनहून आलेल्या गुरुजींचा वाटा मात्र पक्का आहे. एकोणिसाव्या शतकात ते हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, म्हणून आणि शिकवणारे म्हणून कोकणात आणि मुंबईत आले, आणि सेफार्दी पठण त्यांच्याबरोबर रुजले. गमतीचा भाग असा की हिब्रू व्याकरण मराठीत आणले ते एका स्कॉटिश मिशनऱ्याने, जॉन विल्सन यांनी, १८३२ साली. बेने इस्राएलांनी त्यांच्याकडून भाषा घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १७९६ साली सामुएल दिवेकर यांनी मुंबईत शआर हारहामिम हे पहिले सिनेगॉग उभारले. मग रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण अशी एकोणिसाव्या शतकात रांगच लागली.

पुस्तकातून शब्द शिकता येतात. पावले मात्र शेजाऱ्याकडे बघूनच. अमिदाचा शेवट घ्या. प्रार्थना संपली की झुकलेल्या अवस्थेत तीन पावले मागे, आधी डावा पाय. मग डावीकडे झुकायचे, उजवीकडे झुकायचे, शेवटी समोर. आपली डावी बाजू ती समोर असलेल्या देवाची उजवी, म्हणून आधी तिकडे. मग क्षणभर तिथेच थांबायचे. लगेच जागेवर परतणे राजदरबाराच्या शिष्टाचाराला शोभत नाही. पाठीमागे कोणी अजून अमिदात उभा असेल तर पावले मागे घ्यायची नाहीत, तो संपेपर्यंत खोळंबायचे. सामूहिक प्रार्थनेत ‘कादोश’ हा शब्द तीनदा येतो, तेव्हा टाचा तीनदा उचलतात, देवदूतांसारखे किंचित वर उठण्याचा प्रयत्न म्हणून. अनोळखी माणसाला हे सगळे कवायतीसारखे वाटते. पण नीट पाहिले तर कोणीही कोणाच्या तालावर नसतो. प्रत्येक जण आपापल्या ओळीवर असतो.

शेजाऱ्यांचा सर्वांत मोठा गैरसमज नमाजाचा. त्याला कारणे होती. दोघेही टोपी घालतात, दोघांचीही सुंता होते, दोघेही पश्चिमेकडे तोंड करतात. कोकणातून यरुशलेम वायव्येकडे झुकते, मक्का त्याच्या दक्षिणेला. भिंत मात्र पश्चिमेची, आणि सिनेगॉगमधले सेफेर तोराचे, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांचे, कपाट याच भिंतीत. मदिनेत आल्यावर मुसलमानांचेही तोंड सुरुवातीला यरुशलेमकडेच होते, ६२४ पर्यंत. कोकणात सिनेगॉगला लोक मशीदच म्हणत. मुंबईतल्या मस्जिद स्टेशनाचे नाव दिवेकरांच्या सिनेगॉगवरून पडले असे सांगतात. पण सिनेगॉगमध्ये रोजचा सज्दा नाही. याचा अर्थ यहुद्यांत दंडवत नाहीच असा काढला तर तोही चुकीचा. यरुशलेमच्या मंदिरात तो होता, रामबामांच्या आठांत तो आहे, आणि अश्केनाझी लोक आजही किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, दिवशी गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावतात. दगडी फरशीवर दंडवताला लेवीय नियमाची हरकत येते, म्हणून कपाळाखाली कागद किंवा कापड घेतात. तेराव्या शतकात रामबामांचेच चिरंजीव अब्राहाम यांनी इजिप्तमध्ये गुडघे टेकणे आणि दंडवत पुन्हा रुजवायचा प्रयत्न केला. मुसलमानांची नक्कल म्हणून त्यांना घरातूनच विरोध झाला. शोमरोनी आणि कराई पंथांचे लोक आणि इथिओपियाचे यहुदी मात्र दंडवत घालत राहिले. मुसलमान करतात म्हणून आपण टाकायचे की मूळचे आपले म्हणून धरायचे, हा पेच जगभर होता.

दुसरा प्रसिद्ध समज कोहेनांच्या आशीर्वादाचा. याजककुळातले पुरुष तल्लित डोक्यावरून घेतात, हात पुढे करून बोटे विशिष्ट प्रकारे फाकवतात आणि मंडळीला आशीर्वाद देतात. त्या वेळी वर बघितले तर डोळे जातात, असे मुलांना सांगतात. मूळ वचन मंदिराच्या काळापुरते, नजर मंदावण्याबद्दलचे. आजचा संकेत लक्ष विचलित होऊ नये म्हणून. बॉस्टनमध्ये लहानपणी लिओनार्ड निमॉय या मुलाने तरीही चोरून बघितले आणि मोठेपणी ‘स्टार ट्रेक’मध्ये मिस्टर स्पॉकच्या सलामीसाठी तीच बोटे वापरली. डोळे शाबूत राहिले. बेने इस्राएलांत परंपरेने कोहेन घराणी सांगितली जात नाहीत, त्यामुळे कोकणातल्या यहुदी आजोबांपेक्षा ती सलामी टीव्ही बघणाऱ्या नातवाला अधिक ओळखीची असण्याची शक्यता आहे.

हात हा खरे तर बेने इस्राएलांचा खास प्रांत. प्रार्थनेनंतर एकमेकांना शांतीचा हात देण्याची त्यांची रीत हायम सामुएल किहीमकरांनी नोंदवली आहे. एकाने हात पुढे करायचा, दुसऱ्याने तो आपल्या दोन तळव्यांत घ्यायचा, सोडला की दोघांनी आपापल्या बोटांची टोके ओठांना लावायची. हज्जानपासून वडीलधाऱ्यांकडे आणि तिथून सगळ्या मंडळीत हे पसरत जाते. दाराच्या चौकटीवरल्या मेझुझाला आत-बाहेर जाताना बोटे लावून ती ओठांशी नेणे तर घराघरात. आपल्याकडच्यांना यात उंबऱ्याला हात लावून कपाळाला नेण्याची आठवण येते आणि मग ‘हे मेझुझाची पूजा करतात’ असा समज होतो. पूजा नाही, आत चर्मपत्रावर शेमाच लिहिलेली असते. हात जोडून उभे राहणे हा सिनेगॉगमधल्या विधीचा भाग नाही, याचेही पाहुण्याला नवल वाटते.

मलिदा या बेने इस्राएलांच्या खास विधीत हालचाल जवळजवळ नाहीच. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावाने ताटात गोड पोहे, खोबरे, सुका मेवा, भोवती फळे. माणसे टोपी घालून बसलेली, पदे म्हणतात, मग आशीर्वचने. इथली शिस्त हातात काय उचलायचे याची आहे. झाडाच्या फळाचे आशीर्वचन वेगळे, जमिनीतून येणाऱ्याचे वेगळे, आणि केळ यहुदी शास्त्रात जमिनीच्या बाजूला पडते, कारण तिला खोड असे नाहीच. सुगंधी पानाचा वास घ्यायचा त्यालाही आशीर्वचन आहे. आणि किप्पूरला, म्हणजे कोकणातल्या ‘दारफाळणी’च्या सणाला, पूर्वी लोक पांढरे कपडे घालून दारे लावून घरातच राहत, कोणाला शिवत नसत. सिनेगॉगमधली उठबस शिकण्याआधी कोकणातला वर्षातला सर्वांत पवित्र दिवस असा न हलण्याचा होता.

बाकीच्या यहुदी जगापासून असे तुटून राहण्याची किंमतही मोजावी लागली. मुंबईतल्या बगदादी यहुद्यांपैकी काही जण बेने इस्राएलांना प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा जणांत मोजायला नाखूष असत. इस्राएलमध्ये गेल्यावर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या रब्बी मंडळाने त्यांच्या विवाहांबद्दल शंका काढली. धरणी धरली गेली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांना पूर्ण यहुदी म्हणून बरोबरीचा दर्जा असल्याचे जाहीर केले. वाद वंशावळीचा आणि सोडचिठ्ठीच्या कायद्याचा होता, झुकण्या-डुलण्याचा नव्हे. पण दुसऱ्याची रीत कमअस्सल ठरवण्याची वृत्ती दोन्हीकडे तीच. पुढच्या पिढीतले काही नातू युरोपीय वळणाच्या शाळांत शिकून डुलायला लागले तर त्यात आश्चर्य नाही. त्यांच्या आजोबांच्या स्तब्धतेपेक्षा ते अधिक धार्मिक ठरतात असे मानायला मात्र कोणताही ग्रंथ आधार देत नाही.

आजचा प्रश्न आणखी वेगळा आहे. ‘कादोश’ला टाचा उचलायला, प्रार्थनेची हाक देणाऱ्या ‘बारेखू’ला झुकायला, सेफेर तोरा उंच धरून मंडळीला दाखवायला दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. भारतात आज सगळे मिळून पाच हजारांच्या आत यहुदी उरलेत आणि त्यांतले बहुतेक मुंबई-ठाण्यात. रायगडातल्या पुष्कळ सिनेगॉगमध्ये सणाला बाहेरगावची माणसे आली तरच दहा भरतात. एरवी घरातला माणूस एकटाच पश्चिमेकडे तोंड करून अमिदा म्हणतो आणि टाचा जमिनीवरच राहतात. रत्नागिरीहून कोणाला प्रत्यक्ष बघायचे असेल तर अलिबागच्या इस्राएल आळीतले मागेन आबोथ गाठावे. १८४८ मध्ये स्थापन झालेले आणि १९१० मध्ये नव्याने बांधलेले हे सिनेगॉग आहे. आधी विचारून जावे, पुरुषांनी डोके झाकावे, शनिवारी फोन बाहेर काढू नये. आणि पाठीमागे बसायला मिळाले तर अमिदात उभ्या असलेल्या माणसासमोरून जाऊ नये, त्याच्या चार हातांच्या आत तर नाहीच.